टीकेइंटर: विंडोजवर बटनाला रंग लागत नाही, यादीत मराठी मात्रा कापल्या जातायत

यंत्रमाग_कोड

नमस्कार मंडळी, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, तिथं बिलिंग आणि माल रवाना करायचं सॉफ्टवेअर मीच पायथनमध्ये टीकेइंटर (खिडक्या, बटनं काढायची पायथनची लायब्ररी) वापरून केलंय. काम व्यवस्थित चालतं पण दिसायला ते जुनाट करडं, म्हणून टीटीके (टीकेइंटरमधला थीमवाला, नवीन दिसणारा भाग) स्टाइलनं नीट करायला बसलो. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे तिथं टीबटनला (टीटीकेच्या बटनाच्या स्टाइलला) बॅकग्राउंड हिरवा दिला की लगेच हिरवा होतो, तोच कोड ऑफिसातल्या विंडोज १० वर चालवला की बटन करडंच राहतं आणि कडेनं फक्त बारीक हिरवी रेघ दिसते. कोड एकच आहे ओ, मग असं का?

दुसरं म्हणजे बिलाची यादी ट्रीव्ह्यूमध्ये (ओळी-रकान्यांचा तक्ता) आहे, सगळं मराठीत. फॉन्ट मोठा केला तर ‘जकार्ड’चा रफार वरून कापला जातो आणि ‘सोलापुरी’चा उकार खालून, दिवाणजींचं वय झालंय, त्यांना बारीक अक्षर चालत नाही. कॉम्बोबॉक्सला (खाली यादी उघडणारी चौकट) मोठा फॉन्ट दिला तर वरचं अक्षर मोठं झालं पण खाली उघडणारी यादी बारीकच. थकलेली बिलं लाल दिसावीत म्हणून त्या ओळींना टॅग (खुणेचं नाव) लावून टॅगला रंग दिलाय, तो गोडाऊनच्या जुन्या विंडोज ७ मशीनवर अजिबात दिसत नाही. एकेक तरी सांगा की.

नवीपेठकर

पहिल्याचं उत्तर सोपं आहे आणि ते एकदा समजलं की पुढचं अर्धं कोडं आपोआप सुटतं. विंडोजवर टीटीकेची थीम असते ‘व्हिस्टा’ नावाची, आणि त्या थीममध्ये बटन टीके (टीकेइंटरच्या खालचं मूळ इंजिन) स्वतः रंगवत नाही, ते विंडोजकडून रंगवून घेतं. तुम्ही दिलेला हिरवा रंग बटनाच्या मागे लागतो, वर विंडोज आपलं करडं बटन छापतं, उरते ती कडेची रेघ. लिनक्सवर थीम असते ‘डिफॉल्ट’ नावाची, तिथं सगळं टीकेच काढतं म्हणून रंग ऐकतं. तेव्हा दोनच रस्ते, व्हिस्टा ठेवायची तर बटनांच्या रंगाचा नाद सोडा, नाहीतर सुरुवातीलाच स्टाइलच्या थीम_यूजला ‘क्लॅम’ द्या, ही टीके स्वतः काढतं अशी दुसरी थीम, आणि मग रंगवा. थीम आधी, कॉन्फिगर नंतर, कारण कॉन्फिगर केलेलं त्या वेळी चालू असलेल्या थीमलाच चिकटतं.

अजून एक, नुसता कॉन्फिगर करून थांबू नका. माउस वर नेला की क्लॅम आपला फिकट रंग दाखवते, तो मॅपमधून (कुठल्या अवस्थेत कुठला रंग ते सांगणारी यादी) येतो. मॅपमध्ये अॅक्टिव्ह, प्रेस्ड, डिसेबल्ड या अवस्थांचे रंग द्यावे लागतात आणि क्रम महत्त्वाचा, वरून वाचत जे पहिलं जुळेल तेच लागतं. म्हणून डिसेबल्ड सगळ्यात वर, मग प्रेस्ड, मग अॅक्टिव्ह. आणि सरळ टीबटनला हिरवं करू नका, सगळी बटनं हिरवी होतील. ‘बिल.टीबटन’ असं नाव द्या आणि जे बटन बिल सेव्ह करतं तेवढ्यालाच ती स्टाइल लावा. माझं स्पष्ट मत आहे की हिशोबाच्या स्क्रीनवर एकच रंगीत बटन असावं, दिवसभर त्याच्यासमोर बसणाऱ्या माणसाला हात कुठं न्यायचा ते न वाचता कळलं पाहिजे.

पूर्वभागातला

मात्रांचं मी सांगतो, कारण आमच्याकडं यादी मराठीत आणि कामगारांच्या चिठ्ठ्या तेलुगूत निघतात. टीकेच्या ८.६ आवृत्तीत ट्रीव्ह्यूच्या ओळीची उंची २० पिक्सेल ठरलेली असते, फॉन्ट मोठा केला म्हणून ती आपोआप वाढत नाही. इंग्रजी अक्षर त्यात बसून जातं, आपल्याला वर रफार वेलांटी आणि खाली उकार दोन्ही लागतं. ‘ट्रीव्ह्यू’ या स्टाइलला रोहाइट (ओळीची उंची) द्या, पण ३० किंवा ३२ असा आकडा ठोकून देऊ नका, फॉन्टच्या मेट्रिक्समधून (मापांमधून) लाइनस्पेस, म्हणजे त्या फॉन्टच्या एका ओळीला लागणारी उंची, घ्या आणि त्यात ६-८ मिळवा, म्हणजे उद्या अक्षर अजून मोठं केलं तरी कापणार नाही. इथं स्टाइलचं नाव नुसतं ट्रीव्ह्यू आहे, पुढं टी लागत नाही, आणि मथळ्यासाठी ट्रीव्ह्यू.हेडिंग वेगळं.

फॉन्ट प्रत्येक विजेटला (बटन, यादी, चौकट असा स्क्रीनवरचा तुकडा) वेगळा देत बसू नका. टीकेडिफॉल्टफॉन्ट, टीकेटेक्स्टफॉन्ट, टीकेहेडिंगफॉन्ट असे नावाचे फॉन्ट आधीच असतात, नेमटूफॉन्टनं ते हातात घेऊन फॅमिली आणि साइज बदला, सगळीकडं एकदम बदलतं. कॉम्बोबॉक्सची खाली उघडणारी यादी म्हणजे जुनी साधी लिस्टबॉक्स, तिला टीटीके स्टाइल लागूच होत नाही, ती टीकेटेक्स्टफॉन्टवर चालते. तो बदलला की तुमचं तिसरं दुखणं पण गेलं. एंट्रीचं (टाइप करायच्या चौकटीचं) पण तसंच, स्टाइलमधून फॉन्ट दिला तरी ती ऐकत नाही.

फॅमिली म्हणाल तर विंडोज १० वर निर्मला यूआय, त्यात देवनागरी, तेलुगू, कन्नड सगळं एकाच फॉन्टमध्ये आहे, सोलापूरला अजून काय पाहिजे. पण तो विंडोज ८ पासून आला, तुमच्या गोडाऊनच्या ७ वर मंगल घ्या, तेलुगू लागलं तर गौतमी.

नवीपेठकर

टॅगच्या रंगाचं राहिलं होतं. गोडाऊनच्या त्या मशीनवर टीकेला इन्फो पॅचलेव्हल (नेमकी आवृत्ती) विचारा. ८.६.९ निघालं तर दोष तुमच्या कोडचा नाही, त्या आवृत्तीत ट्रीव्ह्यूच्या टॅगचे रंग दबले जायचे, ८.६.१० मध्ये ते दुरुस्त झालं. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढं जाता येत नाही, म्हणून तिथं नवीन टाकून सुटण्यापेक्षा तोडगा बरा. ट्रीव्ह्यूच्या मॅपमध्ये बॅकग्राउंड आणि फोरग्राउंडच्या यादीतून ‘डिसेबल्ड नाही आणि सिलेक्टेड नाही’ ही नोंद गाळून बाकीची परत द्या, टॅग लगेच दिसायला लागतात.

हुतात्मा_चौक

क्लॅम घेणार असाल तर चेकबॉक्स आधी दिवाणजींना दाखवून घ्या. टीके ८.६ च्या क्लॅममध्ये निवडलेल्या चौकटीत बरोबरची खूण येत नाही, फुली येते. आपल्याकडं फुली म्हणजे रद्द, लहानपणापासून वहीत तेच बघितलंय. ‘पैसे मिळाले’समोर फुली दिसली तर हिशोब लिहिणारा माणूस त्याचा उलटाच अर्थ लावेल, आणि पैशाच्या कामात हे चालणारच नाही. स्टाइलच्या एलिमेंट_क्रिएटला ‘फ्रॉम’ देऊन दुसऱ्या थीमचा तुकडा उसना घेता येतो, ‘आल्ट’ नावाच्या थीमचा चेकबटन.इंडिकेटर (खुणेची चौकट) घ्या आणि लेआउटमध्ये क्लॅमच्या जागी बसवा, त्यात बरोबरची खूण आहे.

आणि कुणी म्हणेल सरळ क्यूटीवर (खिडक्या काढायची दुसरी लायब्ररी) जा, तिथं स्टाइलशीट आहे. जा, पण रंगासाठी जाऊ नका. क्यूपुशबटनला (क्यूटीच्या बटनाला) नुसता बॅकग्राउंड-कलर दिला तर तिथं पण सिस्टिमची बॉर्डर त्याच्यावर येऊन बसू शकते, बॉर्डर स्वतः दिली की मग रंग दिसतो. चालू सॉफ्टवेअर एवढ्यासाठी मोडू नये.

यंत्रमाग_कोड

मंडळी, लई उपकार झाले. क्लॅम लावली, ‘बिल.टीबटन’ हिरवं झालं, बाकी बटनं करडीच ठेवली. रोहाइट लाइनस्पेसवरून काढलाय, जकार्ड आणि सोलापुरी दोन्ही पूर्ण दिसतायत, खालची यादी पण मोठी झाली. गोडाऊनच्या मशीनवर ८.६.९ च निघालं, मॅप गाळल्यावर थकलेली बिलं लाल आली. फुलीचं तर माझ्या ध्यानातच आलं नसतं, आल्टचा इंडिकेटर बसवला. फक्त तो क्लॅमच्या पार्श्वभूमीवर थोडा बारीक वाटतोय, त्याचा आकार वाढवता येतो का?

हुतात्मा_चौक

साध्या पर्यायांनी तो फारसा वाढत नाही. बरोबरच्या खुणेची आणि रिकाम्या चौकटीची अशी दोन पीएनजी चित्रं करा, एलिमेंट_क्रिएटला ‘इमेज’ देऊन सिलेक्टेड अवस्थेला पहिलं आणि बाकी वेळी दुसरं लावा. चित्रांचा संदर्भ सेल्फमध्ये (तुमच्या क्लासच्या ऑब्जेक्टमध्ये) धरून ठेवा, नाहीतर पायथन ती मेमरीतून काढून टाकतं आणि चौकट कोरी दिसते.