एकच गोठा, बाहेर बिबट्या. लम्पी झालेली गाय वेगळी कुठे बांधू?

पाड्यावरचा

नमस्कार. मुंबईत आरेच्या जंगलातल्या एका पाड्यावर राहतो. घरी चंद्री गाय, तिची पाच महिन्यांची कालवड आणि ढवळ्या बैल. मी रात्रपाळीला वॉचमन आहे, गुरांचं सगळं आईच बघते.

परवा सकाळी कामावरून आलो तर चंद्री उभी होती, पण रवंथ करत नव्हती. डोळ्यांतून पाणी. कान धरून बघितले तर तापलेले. वाटलं, पावसात भिजली असेल. काल मानेवरचे केस एका ठिकाणी ताठ दिसले. बोट फिरवलं तर खाली सुपारीएवढी टणक गाठ. मग वशिंडाजवळ सापडल्या, मांडीवर सापडल्या, कासेवरसुद्धा दोन. आज मोजल्या तर एकोणीस. पुढचा उजवा पाय सुजलाय, टेकवताना थरथरतो. दोन वेळचं मिळून चार लिटर देणारी गाय, आज जेमतेम लिटरभर दूध.

सरकारी दवाखान्यात कळवलंय, उद्या येतो म्हणालेत. तोवर सगळे एकच सांगतात, आजारी जनावर लांब बांध. लांब म्हणजे कुठे? गोठा बारा बाय दहाचा, एकच. बाहेर बांधली तर रात्री बिबट्या. गेल्या वर्षी शेजारच्यांचं वासरू त्याने घरापासून पंधरा पावलांवरून उचललं.

दुसरं म्हणजे, आई म्हणते गाईला देवी आल्यात, सुई टोचायची नाही, कडुनिंबाचा पाला आणून ठेवलाय. दोन महिन्यांपूर्वी लसवाले आले होते तेव्हा मी ड्यूटीवर होतो, तिने त्यांना परत पाठवलं. कालवड तेव्हा तीनच महिन्यांची होती, तिला तशीही मिळाली नसती. पण चंद्री आणि ढवळ्याला मिळाली असती. हे मनातून जात नाही. आता काय करू, नीट सांगा.

भांडुपची ताई

दादा, वाचून पोटात गोळा आला. 2022 ला आमच्या माहेरी मुरबाडकडे हेच झालं. आमची गाय अकराव्या दिवशी गेली.

कालवडीला आजच घरात घ्या. पडवीत, खाटेशेजारी, जिथे जागा असेल तिथे. लाजू नका. आईला चाटायला, प्यायला सोडू नका, कासेवर गाठी आहेत ना. दूध काढून, उकळून, कोमट करून बाटलीने पाजा. दोन दिवस हंबरेल, तुम्हाला झोप लागणार नाही, पण करा.

आणि एक गोष्ट जपा. आमची गाय गाठींनी गेली नाही. तिच्या तोंडात फोड आले होते, वैरण तोंडात घ्यायची आणि सोडून द्यायची. म्हणून वडिलांनी बाटलीने पेज ओतली. मान वर धरली होती. तिला ठसका लागला, पेज फुफ्फुसात गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून नाकातून शेंबूड आणि श्वासाला घरघर. वडील अजून तो विषय निघाला की उठून जातात. तेव्हा काही ओतू नका. पातळ पेजेत गूळ कालवून घमेलं पुढे ठेवा, हाताला लावून चाटवा. हिरवा लुसलुशीत पाला जिभेवर चालतो, कडब्याची टोकं टोचतात.

पशुधन पर्यवेक्षक (निवृत्त)

आधी आईबद्दल. त्यांना खोटं पाडू नका, त्यांचं अर्धं बरोबर आहे. लम्पीचा विषाणू मेंढ्या-शेळ्यांच्या देवीच्याच कुळातला. म्हणूनच 2022 मध्ये आम्ही गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचत होतो आणि तिचा गुण आला. त्यांना एवढंच सांगा की देवीवरचीच लस आहे. गाईला झाला म्हणून माणसाला होत नाही, हेही सांगा. आजारी जनावराला मात्र लस द्यायची नसते, तेव्हा चंद्रीला टोचण्याचा प्रश्न आता लसीचा नाही, औषधाचा आहे.

हा आजार 1929 मध्ये पहिल्यांदा झांबियात नोंदला गेला. आपल्या देशात 2019 ला ओडिशात, आणि ऑगस्ट 2022 मध्ये जळगावकडून सुरू होऊन पुढे राज्यभर. गुरांचे बाजार बंद करावे लागले. बाजार बंद झाले तरी माशी थांबत नाही, आणि तुमच्या गोठ्यात खरी लढाई तिच्याशीच आहे.

चावरी माशी बघितली आहे का? घरातल्या माशीसारखीच दिसते, पण तोंडाची सुई पुढे काढलेली असते आणि ती जनावराच्या पायावर डोकं वर करून बसते. चावा दुखतो, गाय शेपटी मारते, पाय आपटते, माशी उडते. तिचं पोट अर्धंच भरलेलं असतं, मग उरलेलं ती शेजारच्या ढवळ्यावर भरते. विषाणू तिच्या तोंडाच्या सुईवरूनच जातो. डास आणि गोचीडही तेच करतात. म्हणून चार पावलं लांब बांधून काही साधत नाही, मधे जाळी हवी.

मच्छरदाणीचं कापड मीटरवर मिळतं. गोठ्याच्या मधोमध वरपासून जमिनीपर्यंत लावा, खाली बांबूची काठी घालून ताणा. हिरवी शेतीची जाळी नको, तिच्यातून डास जातो. दारालाही तेच कापड. चंद्री आतल्या बाजूला, ढवळ्या दाराकडे. बादली, दावं, घमेलं वेगळं. काम आधी ढवळ्याचं, मग चंद्रीचं, आणि तिथून साबणाने हातपाय धुऊनच बाहेर.

दुसरं शेण. ही माशी ओल्या शेणात, मुतात भिजलेल्या वैरणीत अंडी घालते. अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. गव्हाणीखालचा तो काळा चिकट थर खरवडून काढा, आठवड्यात दोनदा. आरेत आजूबाजूला तबेले आहेत, शेणाचे ढीग तुमच्या हातात नाहीत, पण स्वतःचा कोपरा आहे. संध्याकाळी गोवरी आणि कडुनिंबाची धुरी द्या, आईंनी पाला आणलाच आहे. पण खेळती हवा ठेवून, चंद्रीला खोकला नको.

ढवळ्याचा ताप रोज दोनदा गुदद्वारातून बघा. साधं डिजिटल थर्मामीटर चालतं. 101 ते 102 फॅरनहाइटपर्यंत ठीक. 103 च्या वर गेला तर गाठींची वाट न बघता कळवा. त्याला आणि कालवडीला लस द्यायची की नाही ते डॉक्टर तपासून ठरवतील, कारण लसीचा गुण यायला तीनेक आठवडे लागतात आणि तोवर आजार अंगात शिरलेला असू शकतो. टोचणारा प्रत्येक जनावराला नवी सुई वापरतो का, हे उभं राहून बघा.

गाठी फुटल्या तर जखम पोटॅशच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिक्या गुलाबी पाण्याने धुवा, खोबरेल तेलात हळद लावा. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने नको. पडलेल्या खपल्या गोळा करून जाळा, त्यात विषाणू महिनाभर जगतो. नोंद कानातल्या बिल्ल्याच्या नंबराने झाली पाहिजे. 2022 मध्ये गाय दगावल्यास 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार मिळत होते, पण पंचनाम्याशिवाय नाही. सध्या काय मिळतं ते डॉक्टरांना विचारा.

एक वाचक

एवढं सगळं एका गावठी गाईसाठी? रात्री जंगलाकडे सोडून द्या, बाकीची दोन तरी वाचतील.

भांडुपची ताई

असं कुणी करू नका. त्या बाजूलाच दुसऱ्यांचे पाडे आहेत, त्यांचीही गुरं तिथेच चरतात. आणि ती सुजल्या पायाने घरीच परत येईल. आमच्याकडे एकाने गाय सोडली होती, ती पहाटे त्याच्याच दारात उभी होती.

पाड्यावरचा

नऊ दिवसांनी लिहितोय. डॉक्टर आले, चंद्रीला पाच दिवस तापाची आणि जखमेची इंजेक्शनं झाली. आईने अडवलं नाही. ताईंनी सांगितलेलं पेजेचं तिला पटलं, आणि देवीवरचीच लस म्हटल्यावर तिने स्वतः डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. पाड्यावरच्या बाकी अकरा गुरांना लस झाली. ढवळ्या आणि कालवडीला डॉक्टर तीन आठवड्यांनी बघणार आहेत.

जाळी लावली. पहिल्या रात्री ढवळ्याने शिंगाने फाडली, मग खाली बांबू दुहेरी केला. गव्हाणीखालून चार घमेली काळा गाळ निघाला, त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. ते बघून मला कळलं माशी कुठून येते.

चंद्रीच्या मांडीवरच्या तीन गाठी फुटल्या, आत रुपयाएवढा खड्डा पडलाय, कडेने गुलाबी मांस भरतंय. पायाची सूज उतरली. परवा तिने बांबूचा पाला स्वतः तोडून खाल्ला. दूध अजून लिटरभरच. कालवड माझ्या खाटेला बांधलेली असते, बाटली बघितली की उभी राहते.

आज सकाळी ढवळ्या 101.4. थर्मामीटर आता आई लावते, मी आकडा वाचून दाखवतो आणि ती कॅलेंडरवर लिहून ठेवते.