सूर्य मरणार म्हणजे नक्की काय होणार?

गोरेगावकर_बाबा
नमस्कार मंडळी. मुलगी सहावीत आहे, तिला शाळेत कोणीतरी सांगितलंय की सूर्य एक दिवस फुटणार आणि सगळं संपणार. तेव्हापासून झोपताना तोच विषय. मी ५०० कोटी वर्षं लागतील असं सांगितलं पण त्याने तिचं समाधान होत नाही, कारण तिचा प्रश्न कधी हा नाहीचे, काय होणार हा आहे. तारा विझतो का फुटतो? आणि मरतो म्हणतो तर त्याआधी जिवंत होता म्हणजे काय करत होता? माझं शिक्षण कॉमर्सचं, त्यामुळे जरा सोपं करून सांगा, तिला वाचून दाखवणार आहे.

वांगणी_रात्रपाळी
मुलीने प्रश्न एकदम बरोबर विचारलाय. तिला पहिलं हे सांगा की आपला सूर्य फुटणार नाही, त्याच्यात तेवढं वजनच नाही.

जिवंत असणं म्हणजे काय तर सूर्याचं स्वतःचं वजन त्याला सतत आत दाबत असतं आणि पोटातली उष्णता त्याला बाहेर ढकलत असते, या दोघांची बरोबरी झालीय म्हणून तो ४६० कोटी वर्षं टिकून आहे. गाभ्यात दीड कोटी डिग्री तापमान आहे, तिथे दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं ४० लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. दर सेकंदाला! आणि तरी अजून निम्मं आयुष्य बाकी आहे.

गाभ्यातला हायड्रोजन संपला की दाबणारं वजन जिंकायला लागतं. गाभा आकसतो, आकसला की आणखी तापतो, मग गाभ्याभोवतीच्या थरातला हायड्रोजन आधीपेक्षा जोरात जळायला लागतो आणि त्याने बाहेरचे थर फुगत जातात. म्हणजे इंधन संपत आलं की तारा मंद होतो असं आपल्याला वाटतं पण होतं उलटंच, तो प्रचंड मोठा आणि हजारो पट तेजस्वी होतो, फक्त पृष्ठभाग थंड झाल्याने तांबूस दिसतो. हा तांबडा राक्षसी तारा. पुढे गाभा १० कोटी डिग्रीला पोचला की हेलियम जळून कार्बन आणि ऑक्सिजन तयार होतो, तेही संपलं की पुढचं काही पेटवण्याएवढा दाब आपल्या सूर्याकडे नाही. बाहेरचे थर हळूहळू अवकाशात निघून जातात आणि मागे उरतो तो गाभा, श्वेत बटू, पृथ्वीएवढा आकार आणि सूर्याच्या निम्मं वस्तुमान. त्यात काही जळत नसतं. गॅस बंद केल्यावर तवा तापलेला राहतो तसा तो फक्त जुन्या उष्णतेवर चमकतो. माझ्या मते सूर्याचं मरण म्हणायचं तर याला म्हणावं, गाभ्यातलं जळण कायमचं थांबलं तो क्षण. बाकी सगळं त्याआधीचं आजारपण नाहीतर नंतरचं गार होणं.

घाटकोपर_पूर्व
पण सुपरनोव्हा म्हणजे प्रचंड स्फोट होऊन ब्लॅक होल होतं ना शेवटी? आम्हाला तर असंच शिकवलेलं.

कुलाबा_कट्टा
स्फोट होतो तो जड ताऱ्यांचा, साधारण सूर्याच्या ८ पट किंवा जास्त वजनाच्या, आणि त्यातही सगळ्यांचं ब्लॅक होल होत नाही. मृग नक्षत्रातली तांबूस काक्षी (बीटेलज्यूस) तशी फुटून जाणार. आणि या विषयाचा मुंबईशी संबंध आहे हे इथे कोणीतरी लिहायलाच हवं. जुलै १९३० मध्ये सुब्रमण्यन चंद्रशेखर मुंबईच्या बंदरातून बोटीत बसले, वय १९, केंब्रिजला शिकायला निघालेले, आणि त्या प्रवासात त्यांनी गणित मांडलं की श्वेत बटूच्या वजनाला मर्यादा आहे. आज तो आकडा सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. त्याहून जड गाभा स्वतःचं वजन पेलू शकत नाही, तो कोसळतो. एडिंग्टनसारख्या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये भर सभेत ते उडवून लावलं होतं, पण पोरगा बरोबर होता, १९८३ मध्ये नोबेल मिळालं. सूर्याचा उरलेला गाभा या मर्यादेच्या खूपच खाली राहणार, म्हणून तो शांतपणे गार होत जाणार.

मुलुंड_विज्ञानताई
पृथ्वीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी मुलांना शिकवते, मुलं हेच विचारतात आणि खोटं सांगितलेलं त्यांना बरोबर कळतं. सूर्य फुगेल तेव्हा बुध आणि शुक्र गिळले जातील, पृथ्वीबद्दल अजून वाद आहे, कारण सूर्याचं वजन कमी झाल्याने तिची कक्षा लांबही जाईल. पण तोपर्यंत इथे काही उरलेलंच नसेल. सूर्य आत्तासुद्धा हळूहळू प्रखर होतोय, दर १०० कोटी वर्षांत साधारण १० टक्के, त्यामुळे १०० कोटींच्या आसपासच समुद्र आटायला लागतील असा अंदाज आहे. म्हणजे पृथ्वीवरचं जीवन सूर्य मरण्याच्या कितीतरी आधी, तो धडधाकट असतानाच संपेल. हे मुलीला सांगायला घाबरू नका, फक्त १०० कोटी म्हणजे किती तेही सांगा, डायनोसॉर जाऊन अजून ७ कोटीही झालेली नाहीत.

गोरेगावकर_बाबा
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून दाखवलं, आता नवीन प्रश्न आलाय, हे सगळं व्हायला एवढी वर्षं लागतात तर कोणी बघितलंय?

वांगणी_रात्रपाळी
एकच तारा शेवटपर्यंत कोणी बघितला नाही, पण वेगवेगळ्या वयाचे तारे आकाशात आहेतच की! डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊला गच्चीवर जा, गोरेगावच्या उजेडातही दिसेल. मृगाच्या बाणातले तीन तारे धरा, ती रेघ एका बाजूला वाढवली की व्याध आणि दुसऱ्या बाजूला नारिंगी रोहिणी. रोहिणी म्हणजे फुगलेला तारा, सूर्याच्या ४० पटीहून मोठा व्यास. व्याधाच्या शेजारी एक श्वेत बटू आहे, १८६२ मध्ये पहिल्यांदा दिसला, वजन सूर्याएवढं आणि आकार पृथ्वीएवढा, पण तो व्याधाच्या झगमगाटात लपतो, साध्या दुर्बिणीतून नाही दिसत.

निघून गेलेले थर बघायचे असतील तर पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात वांगणीला या, अभिजित ताऱ्याच्या जवळ दुर्बिणीतून कंकणाकृती तेजोमेघ दाखवतो. फोटोतले रंग नसतात, करड्या धुराचं छोटंसं कडं दिसतं, तेही थोडं बाजूला नजर ठेवली तर जास्त स्पष्ट. मुलांना बाजूला बघ म्हटलं की पटकन जमतं, मोठ्यांना वेळ लागतो. मुलीला घेऊन या, अमावास्येच्या जवळचा शनिवार बघा, कर्जत लोकल पकडा आणि स्वेटर आणा.