आईविना वाढलेल्या पिल्लांना हे शिकवतं कोण?

खोदकाम चालू असताना मातीचा कडा ढासळला आणि आतून खंड्याचं बीळ उघडं पडलं. चार पिल्लांपैकी एकच जिवंत निघालं. पक्षी बचाव केंद्रात तेव्हा जागा नव्हती, म्हणून तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते पाच आठवडे माझ्याकडे राहिलं. आलं तेव्हा डोळे नुकते उघडले होते आणि अंगावर पिसांऐवजी नुसत्या करड्या सळ्या होत्या, साळिंदरासारख्या.

पहिल्या दिवसापासून त्याची एक रीत होती. शिटायचं झालं की पाठ उजेडाकडे करायची आणि लांब पिचकारी मारायची. बिळात राहणाऱ्याला याचा उपयोग आहे, घर स्वच्छ राहतं. पण हा तर खोक्यात होता.

दहाव्या दिवशी सकाळी तो मान ताणून चोच उघडझाप करायला लागला. काटा अडकला असं वाटून माझे हातपाय गळाले. डॉक्टरांना फोन लावेपर्यंत त्याने डोकं झटकलं आणि टॉवेलवर एक गोळी टाकली. ओलसर, करडी, बोटाच्या पेराहून लहान. चिमट्याने उकलली तर आत माशाचे काटे, खवले आणि किड्यांच्या पंखांची चकचकीत टरफलं, सगळं दाबून बसवल्यासारखं. डॉक्टर म्हणाल्या, "घाबरू नका. जे पचत नाही ते खंड्या असंच टाकतो. घुबडंही तेच करतात."

तोवर मी किडे आणि माशाचे तुकडे भरवत होतो. अख्खी मासळी पहिल्यांदा दिली, तर शेपटीजवळ धरून त्याने ती काठीवर डावीकडे-उजवीकडे आपटायला सुरुवात केली. मासळी मेलेलीच होती! सात-आठ वेळा आपटून झाल्यावर चोचीतच फिरवली, डोकं आत घेतलं आणि गिळली. डोक्याकडून गिळलं की खवले आणि पर घशात उलटे अडकत नाहीत. हे त्याला कुणी दाखवलं? मी तर नाही.

परातीत जिवंत मासे सोडले तेव्हा मात्र वेगळंच झालं. सूर मारायची ओढ होती, पण नेम नव्हता. चार दिवस नुसतं पाणी उडालं. पाचव्या दिवशी पहिला मासा मिळाला.

ज्यांनी असं एखादं जंगली पिल्लू सांभाळलं असेल, त्यांनी कृपया लिहा. काय आपसूक आलं, काय आलंच नाही, कुठे चुकलं, सगळं.

*

आमचा कावळा. पंख भरायच्या आधीच पडलेला, एकटाच वाढला. पोट भरलं की उरलेला घास गालिच्याच्या कडेखाली खुपसायचा आणि वर कागदाचा कपटा ओढून झाकायचा. मी बघतेय असं दिसलं की घास काढून दुसरीकडे! एकदा मी वाळलेला काळा मोजा हातात लोंबकळत घेऊन आले, तर माझ्याच हातावर तुटून पडला. ज्या हाताने भरवलं त्याच हातावर. रडू आलं होतं. पुढे वाचलं की प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांच्या पाळीव जॅकडॉ कावळ्यांनी काळी पोहण्याची चड्डी हातात दिसताच त्यांच्यावर असाच हल्ला केला होता. लोंबणारं काळं काही म्हणजे पकडला गेलेला आपला भाऊबंद, असं त्यांच्या डोक्यात आधीपासूनच असावं.

*

माझा अनुभव चुकीचा आहे आणि म्हणूनच लिहितोय. पिंगळ्याचं पिल्लू हौसेने वाढवलं. खांद्यावर बसवलं, नाव ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. शिकार त्याला आली. खेळण्यातल्या उंदरावर पहिल्याच झेपेत दोन्ही पंजे रोवले. पण दुसरा पिंगळा समोर आला की घाबरून माझ्यामागे लपायचं आणि विणीच्या काळात माझ्या बोटांना किडे भरवू पाहायचं. ते जन्मभर केंद्राच्या पिंजऱ्यात राहिलं. लॉरेन्झनी 1935 मध्ये हंसांच्या पिल्लांवरून हेच मांडलं होतं: आपण कोण, हे पिल्लू सुरुवातीच्या थोड्या दिवसांत समोर दिसणाऱ्यावरून ठरवतं. कॅलिफोर्नियाच्या कंडोर गिधाडांपैकी शेवटचा मोकळा पक्षी 1987 मध्ये पकडला, तेव्हा जगात ते अवघे 27 उरले होते. त्यांची पिल्लं वाढवताना माणसं कंडोरच्या डोक्यासारखं बाहुलं हातात घालून भरवायची. तेव्हा हे ठाऊक असतं तर मी किमान तोंड झाकलं असतं.

*

गाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं, तरी नर मोठा झाला की कुहूच करतो. उलट चॅफिंच या युरोपातल्या चिमण्या पक्ष्याची पिल्लं केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ थॉर्प यांनी 1950 च्या दशकात एकेकटी वाढवली, तर ती गायली खरी, पण अर्धवट, मोडकंतोडकं. सगळ्यांचं उपजत सारखं नसतं.

*

एक कळकळीची विनंती. पिसं आलेलं, जमिनीवर टुणटुणणारं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं. आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्र्याचा धोका असेल तर जवळच्या फांदीवर ठेवा आणि लांबून पाहा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, हा गैरसमज आहे. दूध-पाव देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खरंच जखमी असेल तर हवेशीर खोक्यात, अंधारात, उबेत ठेवा आणि तडक बचाव केंद्र गाठा. बऱ्याच देशांत जंगली पक्षी परवानगीशिवाय घरी ठेवणं गुन्हाही आहे.

*

पाकोळी! बुटांच्या खोक्यात तीन आठवडे. शेवटच्या काही दिवसांत तिने खाणं कमी केलं आणि दोन्ही पंख जमिनीला टेकवून स्वतःला उचलायला लागली. दोन सेकंद, पाच सेकंद, मग दहा, आमच्या व्यायामाच्या जोरांसारखे. मी घाबरून केंद्रात विचारलं, तर कळलं की घरट्यातली पिल्लंही हेच करतात आणि वजनही उतरवतात. उडण्याची तालीम तिला करताच येत नाही, कारण एकदा घरटं सोडलं की थेट आकाश. युरोपातल्या पाकोळ्या तर दहा-दहा महिने जमिनीला न टेकता राहू शकतात.

त्या संध्याकाळी तळहात उंच धरला. ती कापायला लागली, सगळं अंग थरथरत होतं. दहा मिनिटं तशीच. हात भरून आला, पण हलवला नाही. मग ती कडेवरून घसरली, गुडघ्याएवढी खाली गेली आणि वर उठली. पहिलं उड्डाण, आणि वळण असं घेतलं की जणू रोजचंच.

*

खंड्याचं पुढे काय झालं, असं दोघातिघांनी विचारलंय. पाचव्या आठवड्यानंतर तो केंद्राच्या मोठ्या जाळीत गेला, तिथे आणखी दोन खंड्या होते. महिन्याने त्याला तळ्याकाठी सोडलं. तो एका वाळक्या फांदीवर बसला आणि खणखणीत ओरडला. माझ्याकडे असताना त्याने तो आवाज एकदाही काढला नव्हता. दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. तो दिसला नाही, पण त्याच फांदीखाली एक गोळी पडलेली होती. चिमटा बरोबर होताच. आत माशाचा एकही काटा नव्हता. टोळाचे पाय होते आणि बारीक हाडं, बहुधा पालीची. मी त्याला पाल कधीच दिली नव्हती.