विषय: बिग आयलंडवर स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत मासे बघण्यासाठी, जागा (डिसेंबर, आई आणि मुलं सोबत)

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण हवाईला चाललोय, बिग आयलंडवर कोना बाजूला, ६ दिवस. मी, नवरा, १३ वर्षांची मुलगी, ९ वर्षांचा मुलगा आणि आई. आई ६६ वर्षांची आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेली, अजूनही तरणतलावात आरामात पोहते, पण समुद्राच्या पाण्यात डोळे उघडून कधी पाहिलेलं नाही. तिला मासे बघायचेत, हे तिनं आतापर्यंत तीनदा सांगितलंय.

माझी यादी अशी: कहालुउ, टू स्टेप, केआलाकेकुआ, हापुना, कपोहो. यातलं काय ठेवू आणि काय गाळू?

मृणाल

*

मृणाल,

आधी कपोहो खोडून टाक. २०१८ च्या किलाउएआ ज्वालामुखीच्या उद्रेकात तिथली खाडी आणि प्रवाळांची उथळ कुंडं लाव्ह्याखाली गाडली गेली. आम्ही त्याआधी दोन वर्षं तिथे अख्खी सकाळ पाण्यात पडून होतो, गुडघाभर पाण्यात इतके मासे मी पुन्हा कुठे पाहिले नाहीत. आता तिथे काळा दगड आहे. ज्या यादीत अजून कपोहो आहे, तिच्यातल्या बाकीच्या माहितीवरही फार विसंबू नकोस.

आता उरलेल्या चार. मासे कुठे जास्त, यावरून जागा ठरवू नकोस. पाण्यात उतरायचं कुठून आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दमल्यावर बाहेर यायचं कुठून, ते आधी बघ. उतरायला सोपी जागा वर यायला सोपी असतेच असं नाही. टू स्टेपचं नावच तिथल्या लाव्ह्याच्या दोन पायऱ्यांवरून पडलंय. उतरताना पायरीवर बसायचं, मास्क लावायचा आणि लाट आली की घसरायचं, संपलं. बाहेर येताना मात्र लाट तुम्हाला उचलून वर ठेवेपर्यंत थांबावं लागतं. आमच्या हिनं घाई केली आणि गुडघा खरवडून घेतला. शेजारच्या कपारींत वाना, म्हणजे लांब काळ्या काट्यांचे समुद्री प्राणी (अर्चिन) असतात, तिथे हात टेकायची सोय नाही. पाणी लगेच खोल होतं, आणि तिथे जीवरक्षक नाही. पण पाणी स्वच्छ असेल तर त्या खाडीसारखी जागा नाही. तू, नवरा आणि लेक जा. आई आणि धाकट्याला शेजारच्या होनाउनाउच्या राष्ट्रीय उद्यानात फिरू दे. जुन्या काळी कापू मोडणारा, म्हणजे धर्माचा निर्बंध तोडणारा माणूस पोहत तिथवर पोचला तर त्याचा जीव वाचायचा. अभयाची जागा होती ती.

आईसाठी कहालुउ. बाहेरच्या बाजूला जुन्या दगडी बांधाचे अवशेष आहेत, त्यामुळे मोठ्या लाटांचा जोर आत येईपर्यंत कमी होतो. पाणी उथळ आहे आणि जीवरक्षक असतो. सकाळी लवकर जा, गर्दी आणि वारा दोन्ही कमी असतात. मध्येच पाणी गार लागलं आणि सगळं तेल मिसळल्यासारखं धूसर दिसलं तर मास्क पुसत बसू नका. जमिनीखालचं गोडं पाणी तिथे समुद्रात येतं, चार हात पुढे गेलं की पुन्हा स्वच्छ दिसतं. पाय टेकायचे ते वाळूवर किंवा उघड्या दगडावर, प्रवाळावर कधीच नाही. २०१५ मध्ये समुद्र तापला तेव्हा या किनाऱ्यावरचं प्रवाळ फार मोठ्या प्रमाणात पांढरं पडून मेलं. जे उरलंय ते आपल्या फिन्सखाली, म्हणजे पायात घालायच्या वल्ह्यांखाली, जाऊ नये.

हापुना वाळूचा किनारा आहे, मुलांना आवडेल, पण हिवाळ्यात लाट थेट काठावर आपटते तेव्हा मान मोडेल अशी आपटते. त्या दिवशी नुसतं बसावं. एकूणच डिसेंबरमध्ये वायव्येकडून मोठ्या लाटा येतात आणि कोनाचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणून जागा आज ठरवा, पण वार ठरवू नका. सकाळी किनाऱ्यावर उभं राहून १५ मिनिटं नुसतं बघायचं. मोठ्या लाटा टोळीनं येतात, पाच मिनिटं शांत दिसलेल्या समुद्रावर निर्णय घेऊ नये. पावसानंतर पाणी मातकट दिसलं तर त्या दिवशी नकोच.

अविनाशकाका

*

मृणाल, काकांनी जागेचं सगळं सांगितलंय. मी आईंच्या श्वासाबद्दल लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलतच नाही.

स्नॉर्केल करताना दगावणारा माणूस दरवेळी हात मारत, ओरडत बुडत नाही. हवाईत यावर खास अभ्यास झाला आहे. नळीतून श्वास ओढायला जोर लागत असेल तर त्या ताणानं शरीरातलंच पाणी फुप्फुसांत उतरू शकतं आणि ऑक्सिजन झपाट्यानं घसरतो. समुद्राचं पाणी नाकातोंडात जावं लागत नाही, आणि पाय टेकतील इतक्या पाण्यातही हे घडतं. अचानक धाप, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं, घाबरं होणं ही खूण. तसं झालं की तोंडातून नळी काढायची, उभं राहायचं किंवा पाठीवर व्हायचं, आणि हात वर करून मदत मागायची. हृदयाचा काही त्रास असेल तर धोका जास्त, म्हणून निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लांबच्या विमानप्रवासाचाही संबंध असू शकतो असं त्या अभ्यासात म्हटलंय, त्यामुळे पहिले दोन दिवस आईंना पाण्यात नेऊ नका.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेऊ नका. घाबरल्यावर तो पटकन काढता येत नाही. साधा मास्क आणि साधी नळी घ्या, आणि घरीच सोफ्यावर बसून त्यातून १० मिनिटं श्वास घेऊन पाहा. तिथे जोर लागला तर पाण्यात जास्तच लागेल.

शुभदा

*

शुभदाताई, खूप आभार. आईच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

काका, केआलाकेकुआबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत! इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या स्मारकापर्यंत चालत जाता येतं असं वाचलं.

मृणाल

*

राहूनच गेलं. १७७९ मध्ये कुक मारला गेला तीच ही खाडी, आणि १९६९ पासून संरक्षित आहे, त्यामुळे प्रवाळ दाट आहे. पायवाट एका बाजूला सुमारे ३ किलोमीटर आहे. जाताना उतार आणि परत येताना सुमारे ४०० मीटरचा चढ, सावली नाही, पाणी नाही. पोहून दमल्यावर मुलासोबत तो चढ मला पटत नाही. बोटीनं जा. सकाळची फेरी घ्या, शिडी असलेली बोट निवडा, आणि आधीच विचारा की पाण्यात माणसांसोबत कुणी राहतं का. आई बोटीवरून बघू शकेल. पण हा निर्णय कहालुउनंतर घ्या, आधी नको.

डॉल्फिन आले तरी त्यांच्यामागे पोहू नका. ते रात्रभर शिकार करून तिथे झोपायला येतात, आणि २०२१ पासून ५० यार्डांच्या आत जाणं कायद्यानं बंद आहे. उन्हासाठी क्रीमऐवजी सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पोहण्याचे कपडे घाल. चेहऱ्याला लावायचंच तर झिंक ऑक्साइडचं.

काका

*

मंडळी, परत आलो. पुढे कुणी जाणार असेल तर उपयोग होईल म्हणून लिहिते.

सहापैकी दोन दिवस समुद्र खवळलेला होता, पाण्यात पाय घातला नाही. धाकटा रडला. तिसऱ्या दिवशी कहालुउ. डॉक्टरांनी आईला उथळ पाण्याची परवानगी दिली होती. तिनं पहिली ५ मिनिटं नुसतं कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तोंड बुडवलं, मग हळूच आडवी झाली. मी तिचा हात धरून होते. थोड्या वेळानं डोकं वर काढून म्हणाली, "अगं, खाली कुणीतरी खडीसाखर चावतंय!" पोपटमासे प्रवाळावरचं शेवाळ खरवडत होते, त्याचा आवाज. मी तीन वेळा पाण्यात जाऊन तो ऐकला नव्हता. नंतर एक कासव आलं. आम्ही मागे सरकलो आणि ते आपल्या वाटेनं गेलं. एकूण २० मिनिटं, त्यानंतर ती स्वतःच म्हणाली, पुरे.

टू स्टेपला आम्ही तिघं गेलो. बाहेर येताना काकांचं वाक्य आठवून दोन लाटा सोडल्या, तिसरीनं वर ठेवलं. पाण्याखाली लेकीनं देवमाशाचं गाणं ऐकलं, दुरून येणारं, लांबवलेलं. केआलाकेकुआची बोट आम्ही रद्द केली. त्या सकाळी आईला पुन्हा कहालुउलाच जायचं होतं.

मुलांचे मास्क आणि फिन्स आता लहान होतील. फेब्रुवारीत कुणी जाणार असेल तर घेऊन जा. आईचा मास्क ती स्वतःसोबत भारतात नेतेय.

मृणाल