पाकालची कबर बंदच राहू द्या
पाकाल या प्राचीन माया राजाची कबर पर्यटकांना खुली करावी, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. मेक्सिकोतल्या पालेंके इथे ज्या पिरॅमिडच्या पोटात ही कबर आहे, त्याच्या वरच्या देवळात, फरशीतल्या एका दगडाला भोकं होती. त्यावरून पुरातत्त्वज्ञ आल्बेर्तो रुस यांना खालच्या जिन्याचा सुगावा लागला. जिना दगडमातीने ठासून भरलेला. तो उपसत कबरीपर्यंत पोचायला १९५२ साल उजाडलं. कबरीपासून देवळापर्यंत जिन्याच्या कडेने एक दगडी नळी नेलीय, केवढा विचार केला असेल! आत भिंतींवर गिलाव्यात घडवलेल्या नऊ आकृत्या आहेत. आधीच दमट जंगल, त्यात रोज शेकडो माणसांचा श्वास आणि घाम; गिलावा टिकणार कसा? तिथल्या संग्रहालयात शवपेटीची प्रतिकृती आहे, झाकणावरचं कोरीवकाम तिच्यावर निवांत बघता येतं.