मदत हवी आहे: पोस्टग्रेस रिस्टोअर केल्यावर चाइल्ड टेबलातले कॉलम मागेपुढे झाले

नमस्कार मंडळी. पिंपळगाव बसवंतच्या एका आडतीचं सॉफ्टवेअर मी नाशिकहून सांभाळते, त्याचा डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहे. पॅरेंट टेबल 'आवक': पावती, तारीख, वजन. त्याची दोन चाइल्ड टेबलं, म्हणजे पॅरेंटचे कॉलम आपोआप घेणारी. 'टोमॅटो'त क्रेट हा जादा कॉलम, 'कांदा'त वाहन. मागाहून पॅरेंटमध्ये 'हमाली' वाढवला, तो दोन्हीकडे शेवटी जाऊन बसला.

परवा पीजी_डम्प या पोस्टग्रेसच्या साधनाने बॅकअप घेऊन नव्या सर्व्हरवर रिस्टोअर केला, म्हणजे परत चढवला. एकही एरर नाही. जुन्या नोंदी ताडून पाहिल्या, सगळ्या बरोबर. पण काल कांद्याची पावती अडली, हमालीच्या कॉलमात 'ट्रॅक्टर' चालत नाही म्हणे! बघते तर हमाली आता वाहनाच्या आधी आलाय, आणि आधीच्या माणसाने इन्सर्टमध्ये (नोंद घालणाऱ्या कमांडमध्ये) कॉलमची नावंच दिलेली नाहीत, त्यामुळे किमती नुसत्या क्रमाने बसतात.

खरा घोर टोमॅटोचा आहे. क्रेट आणि हमाली दोन्ही आकडेच, त्यामुळे तिथे काहीच अडलं नाही. ४० क्रेट, हमाली १२० असा माल १२० क्रेट, हमाली ४० म्हणून चढला. लक्षात येईपर्यंत काही पट्ट्या (मालाच्या हिशोबाचे कागद) वाटूनही झाल्या. हमालांचा हिशोब याच कॉलमच्या बेरजेवर होतो, त्यांचे कष्टाचे पैसे बुडता कामा नयेत.

क्रम का बदलला? जुना परत आणता येईल का? चुकलेल्या पावत्या कशा दुरुस्त करू?

प्रतिसाद १:
ताई, टेबल कसं घडत गेलं हे पीजी_डम्प लिहून ठेवत नाही, आज ते कसं आहे एवढंच लिहितो. रिस्टोअरला पॅरेंट हमालीसकटच बनतं, आणि इन्हेरिट्स (पॅरेंटशी नातं जोडणारा शब्द) लावून बनवलेल्या चाइल्डमध्ये पॅरेंटचे कॉलम आधी येतात. जुना डेटा वाचला, कारण डम्पमधल्या, डेटा भरणाऱ्या कॉपी कमांडला कॉलमची नावं असतात. '--इन्सर्ट्स' (कॉपीऐवजी नावांशिवायचे इन्सर्ट लिहिणारा पर्याय) लावून डम्प घेतला असता तर तोही बिघडला असता. तसा हवाच असेल तर '--कॉलम-इन्सर्ट्स' लावा, त्यात नावंही येतात.

चाइल्ड जुन्या क्रमाने सुटं बनवून 'ऑल्टर टेबल' या टेबल बदलणाऱ्या कमांडमधल्या 'इन्हेरिट'ने जोडता येतं, पण पुढच्या रिस्टोअरला पुन्हा हेच होणार. त्यापेक्षा प्रत्येक इन्सर्टमध्ये नावं घाला, 'सिलेक्ट *'वर (सगळे कॉलम आहेत त्या क्रमाने मागण्यावर) विसंबलेला कोडही शोधा.

टोमॅटोला एकच अपडेट पुरे: सेट क्रेट = हमाली, हमाली = क्रेट. उजवीकडच्या किमती जुन्या ओळीतल्याच धरल्या जातात. रिस्टोअरनंतरच्याच पावत्या निवडा, नाहीतर चांगल्या नोंदी उलट्या होतील. आधी बिगिन (म्हणजे बदल लगेच पक्का होत नाही), बेरीज बघून मगच कमिट (बदल पक्का).

धागाकर्ती:
खूप आभार. २७ इन्सर्ट सापडले, सगळ्यांत नावं घातली. टोमॅटोच्या बेरजेचा कागदी वहीशी ताळा बसला. वाटलेल्या पट्ट्या बदलून द्यायला उद्या सकाळी पिंपळगावला जातेय.