मदत हवी: मामांना स्टँडवर थंड्यातून गुंगीचं काहीतरी पाजलं. तीन दिवसांनी तपासणीचा उपयोग होतो का?

मंडळी, घाईत लिहायलोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

सोमवारी मामा लातूरच्या आडतीवर सोयाबीन घालून अंबाजोगाईला परत निघाले. वय 58, शुगरची गोळी चालू. स्टँडवर एकानं "पाव्हणं, तुमच्या गावात आमची सोयरीक हाय" म्हणत ओळख काढली अन् थंड्याची बाटली पाजली. पुढचं मामांना काहीच आठवत नाही. कंडक्टरनं उठवलं ते थेट परळीला. बंडीच्या आतल्या खिशातले 38 हजार गायब.

लोकांनी जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. मी पोचलो तेव्हा तोंड कोरडं ठाक, बाहुल्या मोठ्या झालेल्या, चादरीचे दोरे उपटल्यासारखे हात चाललेले, भिंतीशी बोलणं चालू. तिथं सलाईन लावलं आणि केसपेपरवर 'दारूची नशा' लिहून मोकळे झाले. अहो, माळकरी माणूस आहे! पैशापेक्षा तेच मामांना जास्त लागलंय. रक्त-लघवी काही घेतलं नाही. पोलिसांचं नाव काढलं तर "मग पेशंट दुसरीकडं हलवा."

आज गुरुवार. मामा आता शुद्धीत आहेत, पण जवळचं वाचता येत नाही. आता सरकारी दवाखान्यात नेलं तर काही सापडेल का? आणि अशा वेळी कॅज्युअल्टीत खरं तर काय करायला पाहिजे होतं?

सिस्टर_जालना: दादा, मी कॅज्युअल्टीतच काम करते. पेशंट आला की आधी श्वास, नाडी, बीपी, ऑक्सिजन बघतात, आणि बोटातून रक्त घेऊन साखर. शुगरच्या माणसाची साखर उतरली तरी तो प्यायल्यासारखाच दिसतो, म्हणून ती तपासायलाच हवी. मग ईसीजी. काय पाजलं ते कळेपर्यंत उपचार थांबत नाहीत, आणि बेशुद्ध माणसाला उगीच उलटी करवायची नसते.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला झोपेच्या गोळीपेक्षा धोतऱ्याचा संशय येतो. कोरडं तोंड, मोठ्या बाहुल्या, दोरे उपटणं, भ्रम, नंतर जवळचं धूसर दिसणं, हे सगळं त्यात येतं. नक्की मात्र डॉक्टरच तपासून सांगतील. दवाखान्यातल्या लघवीच्या किटवर धोतरा दिसत नाही. झोपेच्या गोळीचा अंश लघवीत काही दिवस सापडू शकतो, जीएचबीसारखं गुंगीचं औषध मात्र बारा तासांतच निघून जातं. म्हणून आजच न्या, उद्यावर टाकू नका. अंबाजोगाईच्या स्वारातीच्या (सरकारी दवाखान्याच्या) कॅज्युअल्टीत 'विषप्रयोगाचा संशय, एमएलसी करा', म्हणजे पोलीस केस म्हणून नोंदवा, असं स्पष्ट सांगा आणि मामांच्या तोंडची हकिगत केसपेपरवर लिहून घ्या. नमुने सील होऊन पोलिसांमार्फत लॅबला जातात, सीए रिपोर्टला (रासायनिक तपासणीच्या अहवालाला) वेळ लागतो. रिपोर्ट कोरा आला तर काही पाजलंच नव्हतं असा अर्थ होत नाही, उशीर झाला इतकंच. परळीच्या केसपेपरची झेरॉक्स काढा, बाहुल्यांचं त्यात लिहिलं असेल तर तोही पुरावाच. आणि ती बाटली राहिली असेल तर न धुता पिशवीत बांधून द्या.

वकील_बीडकर: पोलीस केस आहे म्हणून पेशंट हलवा म्हणणं चूक. आधी उपचार, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टानं 1989 मध्येच सांगितलंय. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 123 खाली बसतो, 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. लातूर, अंबाजोगाई की परळी हा घोळ घालत बसू नका. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावी लागते.

धागाकर्ता: सिस्टर, वकीलसाहेब, लई उपकार झाले. दुपारच्या गाडीनं निघायलो. बाटली पिशवीतच होती हो. मामीनं परवाच घासून, पाणी भरून देवघरापाशी ठेवलीय.

सिस्टर_जालना: तरी घेऊन जा. झाकणाच्या आतली चकती बहुतेक घासायची राहिलेली असते.